रपटा कशाचा प्रकार?

जगातली प्रत्येक वस्तू कशाचा तरी प्रकार असते, कशाचा तरी भाग असते आणि कशाच्या तरी कामी येते, यावर माझ्या साडूभाऊंइतका विश्वास असलेला माणूस यवतमाळ जिल्ह्यात दुसरा झाला नाही. ते सरकारी बांधकाम कचेरीत होते. जिल्ह्यातली सगळी बांधकामं संगणकात चढवायची ठरली, तेव्हा ‘रस्ता म्हणजे काय, पूल म्हणजे काय’ हे आधी त्या यंत्राला समजावून सांगायला हवं, असं वरून कळवण्यात आलं. कुणीही ते काम आठवड्यात उरकलं असतं. साडूभाऊंनी दोन वर्षं घेतली, आणि त्यातला बराच काळ आमच्या डोक्यावर बसून काढला. जेवताना मेहुणीनं “भाजी वाढू?” म्हणून पिठलं पुढे केलं, की हे म्हणत, “पिठलं भाजीचा प्रकार नाही.” त्यावर ती म्हणे, “मंग उपाशी राहा. उपास कशाचा प्रकार व्हय, ते लिहून ठेवा.” एकदा कळंबला गणपतीच्या दर्शनाला जाताना एसटी बंद पडली. ही आता वाहन राहिली नसून अडथळा झाली आहे, असं यांनी कंडक्टरला शांतपणे पटवून दिलं. कंडक्टर म्हणाला, “बरोबर हाय काका. आता उतरा, अन् अडथळ्याले धक्का मारा.”

कापसानं लोकांचा जीव मेटाकुटीला आणलेली ती वर्षं. ढाणकीकडच्या एका गावातून सलीमभाई नावाचा टेम्पोवाला कचेरीत आला. गावाबाहेर पडायची एकुलती वाट असलेला नाल्यावरचा ठेंगणा, बिनकठड्याचा रपटा पुरात फुटला होता. वेचलेला कापूस घराघरात पडून होता. पिवळा पडला असता तर मिळायचा तो भावही गेला असता. पण संगणकात प्रकार ठरल्याशिवाय दुरुस्तीचा प्रस्ताव पुढे सरकत नव्हता, आणि पूल म्हणजे ‘ज्याच्या खालून पाणी व वरून वाहतूक जाते ते बांधकाम’, ही साडूभाऊंचीच व्याख्या होती.

“रपट्यावरून तर पाणीच जाते,” साडूभाऊ म्हणाले.

“पाणी जाते तवा आमी थांबतो साहेब. पाणी वसरलं का आमी जातो.”

“म्हणजे रस्ता?”

“रस्ता असता तं तुमच्यापाशी कायले आलो असतो?”

 दुसऱ्या दिवशी साडूभाऊ सलीमभाईच्या टेम्पोत बसून रपटा बघायला गेले, मांडीपर्यंत भिजून परतले आणि ओल्या कपड्यांनीच एक ओळ लिहिली: ‘रपटा: पाणी आणि माणूस आळीपाळीनं वापरतात असा पूल.’ यंत्रानं ती मुकाट्यानं मान्य केली. महिन्याभरात रपटा दुरुस्त झाला आणि कापसाच्या गाड्या पलीकडे गेल्या.

मग वरून पत्र आलं. ‘रपटा’ हा शब्द ग्राम्य असून त्याजागी ‘जलनिमज्जनक्षम सेतू’ वापरावा. सोबतची व्याख्या काव्यात्म असल्यानं रद्द. ‘मार्ग’ आणि ‘रस्ता’ यांतल्या फरकावर चार पानी खुलासा पाठवलेला हा गृहस्थ आता उपोषणालाच बसणार, अशी आमची खात्री होती. साडूभाऊंनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“सगळ्या गाड्या गेल्या ना पलीकडे?”

“गेल्या,” मी म्हणालो. “सलीमभाईचा निरोप होता.”

“मंग राहू दे.”

त्यांनी राहू दिलं. मला मात्र अजून चुटपुट लागते. त्या कचेरीत तेवढी चांगली ओळ पुन्हा कुणी लिहिल्याचं ऐकिवात नाही, आणि ती वाचलेली आम्ही तीन-चार माणसंच काय ती उरलो आहोत.