मालिकेत नसलेली गाठ

मी मालिका बघते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नाक मुरडायला नको. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, निवृत्त झाल्यावर माणगावात घर बांधलं, आणि आता संध्याकाळी साडेसात ते आठ मी कुणाची बायको नसते की कुणाची आई नसते. त्या अर्ध्या तासात पाहुणा आला तर त्याला पाणी मिळतं. चहा आठनंतर. माझ्याबरोबरच निवृत्त झालेल्या एक बाई वाचनालयातून जाडजूड कादंबऱ्या आणतात आणि भेटल्या की विचारतात, "हल्ली काय वाचताय?" मी सांगते, डोळ्यांना त्रास होतो. माझे डोळे ठणठणीत आहेत.

मालिका एका बंगल्यातल्या मोठ्या सुनेची आहे. सहा वर्षं चालली आहे. या सहा वर्षांत तिचं दोनदा लग्न झालं, दोन्ही वेळा त्याच नवऱ्याशी. एकदा तिची स्मृती गेली आणि डोक्यात नारळ पडून परत आली. मला कळतं हो, हे सगळं थोतांड आहे. पण ती बाई एवढं सोसूनसुद्धा कधी कुणावर आवाज चढवत नाही, आणि मला माझ्या आयुष्यात एक दिवस ते जमलेलं नाही. म्हणून मी बघते.

माझ्यासारखीच वेडी दुसरी बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. त्या तळा गावाच्या पुढे आमच्या मूळ गावी राहतात, भातशेती बघतात. मी त्यांना वैनी म्हणते. लग्न झाल्यापासून आमचं कधी फार गूळपीठ नव्हतं. मी शिकलेली, त्या चौथी पास; मी तोंडाळ, त्या मुक्या. मालिकेनं आम्हाला जवळ आणलं. जाहिरात लागली की फोन करायचा, असा आमचा रिवाज. पहिल्या जाहिरातीला त्यांचा फोन, दुसरीला माझा. तीन-चार मिनिटं मिळतात, त्यात नमस्कार-चमत्कार कोण करणार? थेट सुरुवात. "काय गो, बघितलंस का तिला?" आमच्या बोलण्यात कुणाचं नाव नसायचं. 'ती' म्हणजे मोठी सून, हे ठरलेलंच होतं.

गेल्या वर्षी श्रावणात एका संध्याकाळी आमच्याकडची लाईट गेली आणि माझा भाग चुकला. आठला पाच मिनिटं कमी असताना मीच फोन लावला. "वैनी, आज काय झालं हो?"

वैनींनी तिकडे टीव्हीचा आवाज बारीक केला. मग म्हणाल्या, "तिच्या हाताला गाठ लागली."

"कुठं?"

"अंगावर. डाव्या बाजूला. आंघोळ करताना. आवळ्याएवढी हाय. दुखत न्हाय. कोणाला सांगितलं न्हाय तिनं."

आता माझं काय झालं ते खरं सांगते. मला आनंद झाला. दोन महिने मालिका नुसती रेंगाळत होती, आता कुठे काहीतरी घडत होतं. मी म्हणाले, "म्हणजे मारणार आता तिला! छातीत गाठ दाखवली की समजायचं, बाई दोन महिन्यांत हार घालून भिंतीवरच्या फोटोत जाते. एक वाचलेली दाखवा मला."

"व्हय?" वैनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "जाहिरात संपली," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांत तेल घालून मालिका बघितली. गाठीचं नाव नाही. पण याचं मला नवल वाटलं नाही. या लोकांनी मागे एकदा धाकट्या सुनेचं गरोदरपण पाच महिने विसरून दाखवलं होतं, तिथे गाठीची काय कथा. मी वैनींनाच विचारत राहिले. आठवड्यानं म्हणाले, "त्या गाठीचं काय झालं हो?"

"दाखवून आली ती डॉक्टरला. ईसीजी काढला. चांगला हाय म्हणाले."

"कधी दाखवलं हे? मी तर बघितलं नाही."

"तू उठली असशील भाकरी थापायला."

"आणि गाठीला ईसीजी? ईसीजी हृदयाचा काढतात! काय अडाणी लेखक आहे. तपासायचं काय आणि तपासतात काय!" मी अशी तडतडले की दुसरं काही बोलायला जाहिरात पुरली नाही. वैनी नुसतं "व्हय, व्हय" म्हणत होत्या.

असे तीन-चार आठवडे गेले. गणपती आले, गेले. एकदा बाजारात मासळी घेताना आमच्या शेजारीणबाई भेटल्या. त्याही तीच मालिका बघणाऱ्या. मी म्हटलं, "ती गाठ विसरलेच वाटतं हे लोक." त्या म्हणाल्या, "कुठली गाठ?" मी सगळं सांगितलं, डावी बाजू, आवळा, ईसीजी. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "बाई, मी एक भाग सोडलेला नाही. असं काही झालेलंच नाही. तुम्ही दुसऱ्या मालिकेची भेसळ करताय." माझी मालिका आणि मलाच शिकवणार! मी तरातरा घरी आले, मोबाईलवर तो लाईट गेलेल्या दिवसाचा भाग शोधला आणि यांना हाक मारून शेजारी बसवलं, साक्षीला. बावीस मिनिटांत मोठ्या सुनेनं देवाला दिवा लावला, एक हरवलेलं पत्र शोधलं आणि जिन्यात रडली. आंघोळ नाही, गाठ नाही, डॉक्टर नाही.

हे म्हणाले, "मग तुला गाठीचं कोणी सांगितलं?"

"वैनींनी," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला कळलं, 'ती' कोण ते. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे माझं लहानपणापासूनचं व्रत. पण आजवर या जिभेनं एवढा घात कधी केला नव्हता. ज्या बाईनं जन्मात स्वतःचं दुखणं कुणाला सांगितलं नाही, ती ताकाला जाऊन भांडं लपवत माझ्याकडे आली होती, आणि मी तिला फोटोत बसवून हार घातला होता.

सकाळच्या पहिल्या एसटीनं तळ्याला गेले, तिथून रिक्षानं गावात. वैनी मागच्या दारी मिरच्या वाळत घालत होत्या. मला बघून त्यांना नवल वाटलं नाही. मी चप्पलसुद्धा काढली नाही. "वैनी, मालिकेत गाठ नाही," मी म्हटलं.

त्या मिरच्या पसरत राहिल्या. "न्हाय," म्हणाल्या.

"दाखवा."

त्यांनी माझा हात धरला आणि पदराखाली नेऊन ठेवला. होती. टणक, आवळ्यापेक्षा थोडी लहान. मला एवढी भीती माझ्या बाळंतपणातसुद्धा वाटली नव्हती.

मग ईसीजीचा उलगडा झाला. त्या खरंच डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? तर म्हणाल्या, "छातीत हाय." पुढचा शब्द तोंडातून निघेना. समोर पुरुष माणूस, बाहेर बाकावर गावातली चार माणसं. छातीत आहे म्हटल्यावर त्या माणसानं जे करायचं तेच केलं. ईसीजी चांगला आला, त्यांनी सांगितलं, घाबरू नका आजी. आणि वैनी ती गाठ घेऊन तशाच घरी आल्या.

मला राग आला, आणि राग आला की मला बरं वाटतं, काम सुचतं. त्याच दिवशी त्यांना माणगावला आणलं. भावजींना, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांना, एवढंच सांगितलं की बायकांची तपासणी आहे. ते म्हणाले, "जा, जा."

माणगावात एक डॉक्टरीण बसतात. बाहेर टेबलाशी बसलेल्या मुलीनं कागद पुढे ओढून विचारलं, "काय तक्रार?" मी तोंड उघडलं आणि तशीच राहिले. मी, जिनं चौतीस वर्षं फळ्यावर 'सस्तन प्राणी' लिहिलं. गाय, मांजर, देवमासा, वटवाघूळ, सगळ्यांची उदाहरणं पोरांकडून घोकून घेतली. त्या शब्दातला 'स' काढून उरलेला शब्द मी आयुष्यात मोठ्यानं उच्चारला नव्हता. बाकावर दोन पुरुष होते, बायकांना घेऊन आलेले. मी वैनींना नावं ठेवत तिथवर आले होते आणि आता माझीही जीभ जड झाली. शेवटी वर्गात ओरडायचे त्या आवाजात म्हणाले, "स्तनात गाठ आहे. डाव्या." दोघंही पुरुष भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. मुलीनं शांतपणे लिहून घेतलं. तिच्या लेखी तो फक्त एक शब्द होता.

डॉक्टरीणबाईंनी हातानं तपासलं, काखेतही बघितलं. म्हणाल्या, "न दुखणारी गाठ आहे म्हणून बसून राहायचं नसतं. बहुतेक गाठी साध्या निघतात, पण कुठली साधी ते हाताला कळत नाही, तपासल्यावर कळतं." मग विचारलं, "हाताला लागून किती दिवस झाले?" वैनी माझ्याकडे बघायला लागल्या. उत्तर मला द्यावं लागलं.

पनवेलला जाऊन मॅमोग्राफी केली, तो छातीचा वेगळा एक्स-रे असतो. वैनी म्हणाल्या, पापड दाबतात तसं दाबलं. सोनोग्राफी झाली. मग गाठीत सुई घालून तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस. ते आठ दिवस वैनी माझ्याकडेच राहिल्या. साडेसातला आम्ही शेजारी शेजारी बसून मालिका बघायचो आणि जाहिरात लागली की दोघींना काय बोलावं कळायचं नाही. एकदा वैनीच म्हणाल्या, "गाठ झाल्यावर एक तरी वाचली असंल ना गो? खरी बाई?" मी म्हटलं, पुष्कळ वाचतात, वेळेवर गेल्या तर वाचतात, आमच्या शाळेतल्या एक बाई वाचल्या, अजून सायकल चालवतात. "मग तेव्हा का न्हाय सांगितलंस?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले.

नवव्या दिवशी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. त्या दोन वाचनांच्या मधल्या वेळात मी सगळ्या देवांना काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही, अजून फेडते आहे. मग त्या हसल्या. "कर्करोग नाही. साधी गाठ आहे. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायला यायचं, विसरायचं नाही."

जीव भांड्यात पडला म्हणतात. वैनींनी मात्र विचारलं, "म्हणजे काय न्हाय?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे काही नाही." वैनींनी पुन्हा विचारलं. तीनदा विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता हिलाबी तपासा. ही दुसऱ्याला सांगते, स्वतः कधी बघितलं नसंल." खरंच बघितलं नव्हतं. मुकाट्यानं पडद्यामागे गेले. माझंही ठीक निघालं.

दुपारी वैनींना पोचवायला गावी गेले. भावजी पडवीत उभे होते. वैनींनी त्यांना "काय न्हाय" एवढंच सांगितलं, आणि ते म्हणाले, "मी म्हटलंच होतं." मग मला म्हणाले, "हातपाय धू, जेवूनच जा. आज जेवण मी केलंय."

मी हसले. ज्या माणसानं साठ वर्षांत पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, त्यानं भात केला होता, आणि माझ्या माहेराहून, रेवदंड्याहून आणून दिलेल्या सोड्यांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, कालवण चुलीवर रटरटत होतं. मी चेष्टेनं म्हटलं, "भावजी, हे कधी शिकलात?"

"हिनंच शिकवलं," ते कौतुकानं सांगायला लागले. "श्रावणात एक दिवस उठली ती म्हणाली, चला, भात शिका. मग आमटी, मग कालवण. मसाल्याचा डबा कुठं, कोकम कुठं, सगळं पाठ करून घेतलं माझ्याकडून. मी चुकलो तरी हात लावत न्हाय, मागं उभी राहते नुसती. शिजताना चवसुद्धा बघत न्हाय. म्हणते, तुमचं तुम्हाला कळाय पायजे. काय डोक्यात घेतलंय कोणास ठाऊक."

मी वैनींकडे बघितलं. त्या पाटावर बसल्या होत्या, रिपोर्टची पिशवी मांडीवर घेऊन, आणि जमिनीकडे बघत होत्या. माझ्या त्या एका वाक्यानंतर ही बाई रडली नव्हती, कुणाशी भांडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून तिनं नवऱ्याला भात शिकवायला घेतला होता.

"वैनी, चुकलं माझं," मी म्हणाले.

भावजी म्हणाले, "काय चुकलं?"

पिशवी बाजूला ठेवून वैनी उठल्या, चुलीपाशी गेल्या, पळीनं कालवणाचा थेंब तळहातावर घेऊन चाटला आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय. सरका तिकडं."