पाहुण्यांपुढचा इलेक्ट्रॉन

ऐंशीच्या दशकात मला पाहायला पारोळ्यात आलेले पहिले दोघे माझ्या एका प्रश्नावर नापास झाले, हे आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला कधीच माफ केलं नाही. "तुला काही विचारायचंय का?" असं पाहुणे म्हणाले की मुलीने मान हलवून नाही म्हणायचं असतं. मी फिजिक्समध्ये बीएस्सी केलेली. मी खरंच विचारायची.

वीज वाहणाऱ्या तारेशेजारून एक इलेक्ट्रॉन धावतोय. तो धावतोय म्हणूनच चुंबकीय बल त्याला तारेकडे ओढतं. उभा असता तर ओढलं नसतं. आता मी त्याच्या बरोबरीने धावले तर मला तो उभाच दिसणार. मग त्याला ओढतं कोण? आमचे सर म्हणाले होते, परीक्षेला येत नाही. पहिला मुलगा म्हणाला, लग्नानंतर सांगतो. दुसरा नरडाण्याच्या कारखान्यात इंजिनिअर होता. "असं धावता येत नाही," त्याने ठणकावलं. दोघांनाही मी नकार दिला.

तिसरा देवपूरच्या कॉलेजात फिजिक्सच शिकवायचा. आबांनी आधीच बजावलं, "हाऊ शेवटला. आते मी सांगसू तेच व्हई."

प्रश्न ऐकून त्याने चमचा खाली ठेवला. "मला येत नाही," म्हणाला आणि कागद मागितला. पोहे गार झाले, त्याची आई दोनदा खाकरली, तरी आकृत्या संपेनात. मला पाहायचं राहूनच गेलं. ते गेल्यावर आबा सगळा दोष मला देत कपाळाला हात लावून बसले. "इनी बठ्ठा खेळ मोडी टाका!"

आठव्या दिवशी तो एकटाच एसटीने आला. नकारसुद्धा मध्यस्थाकरवी येतो. हा स्वतः आला म्हणजे काहीतरी भयंकरच, असं घरात सगळ्यांनी धरलं. त्याने पाच फुलस्केप कागद माझ्यापुढे ठेवले. बरोबर धावणाऱ्याला ती तारच विद्युतभारित दिसते, म्हणून त्याच्या लेखी विद्युत बल ओढतं. उभ्या माणसाला तीच ओढ चुंबकीय वाटते.

माझ्या प्रश्नापायी कुणी आठ दिवस घालवले होते. मला आनंदाने रडू येत होतं. पण तिसऱ्या पानावर त्याचं अधिक-उण्याचं चिन्ह चुकलं होतं आणि इलेक्ट्रॉन तारेपासून लांब पळत होता. मी बोट ठेवलं. तो लाजला आणि खोडून पुन्हा मांडायला लागला. मीही सरकून शेजारी बसले.

आबांना राहवेना. "पसंत शे का नही?"

"थांबा आबा, एक पान राहिलंय," तो मान वर न करता म्हणाला.

त्याने त्यांना आबा म्हटलं, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. आबांच्या आलं. ते उठले आणि पंचांग घेऊन बसले.