शॉर्टस्टॉपला उभा असलेला मेहुणा

बंगळुरासारख्या शहरात, जिथे गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर कोळशाने क्रिकेटचे स्टंप काढलेले असतात, तिथे जन्मभर बेसबॉल खेळून घरची चूल पेटवणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझा मेहुणा होता. त्याच्यावर लिहा म्हणून आपल्या मंडळाच्या अंकाचे संपादक दर दिवाळीला माझ्या मागे लागायचे आणि मी दर दिवाळीला नवीन निमित्त काढायचो. कधी डोळ्यांचं, कधी गुडघ्यांचं, एकदा तर पाहुणे आलेत असं सांगून मी घराच्या मागच्या खोलीत जाऊन बसलो होतो. खरं कारण असं की लिहायला घेतलं की एका दुपारपाशी येऊन माझा हात थांबायचा. यंदा थांबू द्यायचा नाही असं ठरवून बसलो आहे. पण त्या दुपारी जाण्याआधी तो माणूस तुम्हाला नीट दिसला पाहिजे. नाहीतर तुम्ही माझी कबुली तेवढी वाचाल आणि तो बिचारा पुन्हा एकदा बाजूला राहील.

बेसबॉलमध्ये धावणाऱ्याने गाठायच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या, म्हणजे ठाण्यांच्या, मध्ये जो राखण करतो त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात. सगळ्यात जास्त चेंडू त्याच्याकडे येतात, तेही जमिनीवरून, उसळत, चावऱ्या कुत्र्यासारखे. हे काम माझ्या मेहुण्याने इतकं मनावर घेतलं की मैदान सोडल्यावरही तो शॉर्टस्टॉपच राहिला. होसकोट्याच्या एका कारखान्याने त्याला खेळाडू म्हणून नोकरीवर घेतलं होतं. कागदोपत्री तो स्टोअर्समध्ये होता, पण स्टोअर्समध्ये त्याला कधी कोणी पाहिल्याचं ऐकिवात नाही. सकाळी सराव, दुपारी सराव आणि महिन्याअखेरीस पगार. त्याच्या लग्नाच्या बोलण्यांत मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"बेसबॉल खेळतो," हा स्वतःच म्हणाला.

"ते सरी हो, ठीक आहे. पण पोटासाठी?"

"पोटासाठीच."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने म्हटलं, "स्टोअर्समध्ये आहे. कायम नोकरी." तेव्हा कुठे आतून उप्पीट बाहेर आलं. परत येताना हा रिक्षात माझ्याकडे पाठ करून बसला. घर आल्यावर म्हणाला, "दाजी, खोटं कशाला बोललात? मी शॉर्टस्टॉप आहे." दुसऱ्या दिवशी एकटाच जाऊन त्या मामांना शॉर्टस्टॉप म्हणजे काय ते समजावून आला. त्यांच्या अंगणात चार विटा मांडून म्हणे प्रात्यक्षिक दिलं. लग्न जमलं हे त्या मुलीचं धैर्य. त्या लग्नातही विधी चालू असताना भटजींच्या हातून सुपारी निसटली, तर ती जमिनीला टेकायच्या आत याने पाटावरच उकिडवं होऊन डाव्या हाताने झेलली. मंडपात टाळ्या पडल्या. भटजी म्हणाले, "अहो नवरदेव, ठेवा ती खाली, आपण सामन्यात नाही." याने सुपारी ठेवली, पण गुडघे काही सरळ केले नाहीत.

गुडघे हा तर त्याच्या शरीराचा वेगळाच विभाग होता. तो कुठेही उभा राहिला तरी किंचित वाकून, पायांत अंतर ठेवून, टाचा जमिनीपासून कागदभर उचलून उभा राहायचा. जेवणाच्या रांगेत तसाच, देवळात तसाच. चामराजपेटच्या बसथांब्यावर एकदा कंडक्टर खाली उतरून त्याच्याजवळ आला आणि कळवळून म्हणाला, "एन्री, होट्टे नोवा?" म्हणजे पोट दुखतंय का. हा म्हणाला, "नाही, चेंडू येईल म्हणून." कंडक्टरने बस त्याला न घेताच सोडली.

दुसरी खोड खड्यांची. मातीत खडा असला तर चेंडू त्यावर आपटून तोंडावर येतो, म्हणून शॉर्टस्टॉप आपल्या भागातले खडे सतत वेचत असतो. हा आमच्या गल्लीतले वेचायचा. बोलता बोलता बुटाने जमीन चाचपायची, वाकायचं, खडा उचलायचा, खिशात टाकायचा. आमच्याकडे मुक्कामाला आला की माझी बायको, म्हणजे त्याची अक्का, त्याची पँट धुवायला टाकण्याआधी ताटात उलटी करायची. मग त्याला तांदूळ निवडायला बसवायची. "तेवढं तरी उपयोगाचं कर." त्याने निवडलेल्या तांदळात खडा सापडला असं आमच्या घरात कधी झालं नाही, पण तो निवडलेले खडेही खिशातच टाकायचा.

वस्तू हातात देणं त्याला ठाऊक नव्हतं. लिंबू, किल्ली, कोथिंबिरीची जुडी, जे हवं ते छातीच्या रेषेत, अलगद, नेमकं यायचं. "वाढ म्हटलं तर फेकतो मेला," अक्का ओरडायची, आणि ओरडता ओरडता पोळी झेलायची. आमच्या घरातल्या सगळ्यांचे झेल त्यामुळे सुधारले. त्याच्या हातमोज्याला तो रोज खोबरेल लावायचा, आत चेंडू ठेवून दोरीने बांधायचा आणि गादीखाली घेऊन झोपायचा. त्याची बायको मला म्हणाली होती, "भाऊजी, माझ्या केसांना नाही एवढं तेल त्या कातड्याला लागतं." पण सामना असला की त्या हातमोज्याला हळदकुंकू तीच लावायची.

आता या माणसाचा खरा वेडेपणा सांगतो. धावणारा बेसला पोचायच्या आत चेंडू धरलेला हातमोजा त्याच्या अंगाला लावला की तो बाद. याला टॅग म्हणतात. हे सगळं इतक्या धुळीत आणि झटक्यात होतं की अंपायरलाही पुष्कळदा अंदाजच करावा लागतो. त्यामुळे जगभरचे खेळाडू न लागलेला टॅगही लागला म्हणून हात उंचावतात. माझा मेहुणा मात्र अंपायरने "आउट" दिल्यावर स्वतः जाऊन सांगायचा, "सर, लागला नाही." त्याच्या संघातले लोक डोक्याला हात लावायचे. कोच त्याला म्हणाला, "अरे, तू आमच्या संघात आहेस की हरिश्चंद्राच्या?" हा म्हणाला, "लागला नाही तर नाही, काय करू?" पण अंपायरने उलट निर्णय दिला, लागलेला टॅग न लागलेला ठरवला, तर हा एक शब्द बोलायचा नाही. "आपल्या विरुद्ध असेल ते आपण सांगायचं. आपल्या बाजूचं असेल ते अंपायरने बघायचं." हा त्याचा धर्म होता.

आणि तो अंपायर बऱ्याचदा मी असायचो. याच्या नादाने मीही नियम शिकलो होतो, परीक्षा दिली होती, आणि शहरात हा खेळ जाणणारी माणसंच इतकी कमी की मेहुणा खेळत असला तरी दाजींनाच बोलवावं लागायचं. मैदानावर तो मला ओळख दाखवायचा नाही. तिथे मी "सर". सकाळी आमच्याकडे नाष्टा करून माझ्याच स्कूटरवर मागे बसून यायचा, मैदानाच्या फाटकापाशी उतरायचा आणि म्हणायचा, "बरं सर, येतो."

त्या दुपारी अंतिम सामना होता. परदेशातल्या एका व्यावसायिक क्लबचा माणूस जाळीमागे खुर्ची टाकून बसला होता. त्यांना एक शॉर्टस्टॉप हवा होता. कारखान्याची नोकरी नव्हे, स्टोअर्सचं सोंग नव्हे, उघडउघड बेसबॉल खेळायचा करार. तो माणूस दोन दिवस फक्त माझ्या मेहुण्याकडे बघत होता हे सगळ्या मैदानाला कळलं होतं. मेहुण्याचं वय उतरणीला लागलं होतं आणि अशी खुर्ची पुन्हा कोणी टाकणार नाही हेही सगळ्यांना कळत होतं.

समोरच्या संघाचा मॅनेजर तोंडाचा मोठा फटकळ. सामन्याआधीच मला म्हणाला, "काय सर, शॉर्टस्टॉपने सकाळी बहिणीकडे इडली खाल्ली म्हणे? मग आज आमचं पोरगं दुसऱ्या बेसला पोचणारच नाही!" त्याची माणसं हसली. मग त्यांनी सुरू केलं. कन्नडमध्ये बहिणीच्या नवऱ्याला "भाव" म्हणतात. मी कुठलाही निर्णय दिला की पाठीमागून ओरडा, "ए भाव! भाव!" उन्हात उभा राहून मी ते दुपारभर ऐकत होतो, आणि सांगायला लाज वाटते, पण माझं लक्ष चेंडूपेक्षा त्या ओरड्याकडे जास्त जायला लागलं.

शेवटचा डाव. कारखान्याचा संघ एका धावेने पुढे, आणखी एक गडी बाद झाला की सामना संपला. पहिल्या बेसवरचा त्यांचा पोरगा दुसऱ्या बेसकडे सुटला. फलंदाजामागच्या कॅचरने फेकलेला चेंडू आला, थोडा बाहेर. मेहुण्याने तो झेलला आणि शरीर मागे राहिलेलं असतानाच हातमोजा खाली आणला. तसा टॅग मी आधी पाहिला नव्हता, नंतर पाहिला नाही. हातमोजा पोराच्या नडगीवर टेकला, आणि मग त्याचा पाय बेसला लागला. मी अगदी जवळ होतो. मध्ये धूळसुद्धा नव्हती. आउट द्यायला माझी मूठ वळली होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "आता आउट देतो बघा भाव!" आणि माझे दोन्ही हात आडवे पसरले. सेफ, म्हणजे नाबाद.

मी पक्षपाती नाही हे त्या मॅनेजरला दाखवायला मी माझ्या मेहुण्याचा टॅग नाकारला. याला दुसरं नाव नाही.

त्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग चेंडू पिचरकडे टाकला, बुटाने माती सारखी केली आणि गुडघे वाकवून पुन्हा उभा राहिला. संघातले "लागला की नाही?" म्हणून ओरडत होते, तरी तो "लागला नाही" म्हणाला नव्हता. त्याला ओळखणाऱ्या प्रत्येकाने तेवढ्यावरून सगळं ओळखायला हवं होतं. जो माणूस आपली चूक धावत येऊन सांगतो तो गप्प आहे, याचा अर्थ एकच होता. पण लोक तोवर आरडाओरड्यात होते. पुढच्याच फलंदाजाने चेंडू थेट कुंपणापार घालवला आणि सामना गेला.

इथपर्यंत एका क्षणाची भीती म्हणून मी स्वतःला सोडलं असतं. पण सामन्यानंतर तो परदेशी माणूस माझ्याकडे आला आणि सरळ इंग्रजीत विचारलं, की त्या टॅगमध्ये चुकलं कोण, खेळाडू की तुम्ही? विचारताना त्याच्या आवाजात राग नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर फार तर माझं अंपायरपण गेलं असतं. मी म्हणालो, "खेळाडू." तो मान हलवून गेला, आणि त्याच्या गाडीत कोणीच शॉर्टस्टॉप बसला नाही.

पुढे गल्लीत त्याची गोष्टच झाली. "एक टॅग चुकला नसता तर आज परदेशात असता." लग्नकार्यात कोणीतरी हमखास काढायचं. पहिल्यांदा ते आमच्याच घरी, अक्कासमोर निघालं. मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं नाही. हसून म्हणाला, "हो ना. हात स्वल्प वरच राहिला." जो माणूस मुलीच्या मामांसमोर स्टोअर्स म्हणायला तयार झाला नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला. अक्काचं घर नीट राहावं म्हणून बोलला. आणि नंतर जन्मभर, कोणीही विचारलं की तेच वाक्य, तसंच हसून. मी शेजारी बसून पोहे खात राहिलो.

तो कारखान्याकडून खेळत राहिला. पाय जड झाले तेव्हा कोच त्याला पहिल्या बेसवर जा म्हणाला, तिथे धावायला कमी लागतं. हा म्हणाला, "तिथे उभा राहणारा मी नव्हे," आणि खेळणंच सोडलं. निवृत्तीनंतर येलहंक्याला राहायला गेला. एकदा मी सगळं ठरवून तिकडे गेलो, गच्चीवर त्याच्यासमोर बसलो, तोंड उघडलं आणि वाक्य सुरू केलं, तोच डोक्यावरून हवाई दलाचं विमान गेलं. आवाज विरल्यावर तो म्हणाला, "काय म्हणालात दाजी?" मी म्हणालो, "चहा चांगला झालाय." दुसऱ्या विमानाची वाट मला पाहावी लागली नाही, धीर पहिल्यानेच नेला होता.

गेल्या वर्षी तो गेला. तेराव्याला त्याच्या संघातले जुने लोक आले होते. प्रेमाने बोलले, रडले, आणि त्यातल्या एकाने पुन्हा तेच सांगितलं, एवढा मोठा खेळाडू, पण ऐन वेळी टॅग चुकला. त्याची मुलगी खाली मान घालून ऐकत होती. तेव्हा मी ठरवलं की हे लिहायचं. मंडळातल्या लोकांनी वाचायचं, त्या मुलीने वाचायचं, आणि आमच्या अक्कानेही वाचायचं. ती मग माझ्याशी बोलली नाही तर तो निर्णय तिचा, मी वाद घालणार नाही.

त्याची माझी शेवटची भेट त्याच्या घराच्या फाटकाशी झाली. मी रिक्षात बसत होतो. तो बाहेर आला, अंगाने अगदी उतरलेला, तरी गुडघ्यांत वाकलेला, आणि म्हणाला, "दाजी, काही बोलायचं राहिलं का? मघापासून चुळबुळताय."

"नाही रे," मी म्हणालो. "पुढच्या वेळी."

रिक्षा सुटली. वाक्य फार मोठं नव्हतं, पहिल्या वळणाच्या आत बोलून झालं असतं. तो पोरगा आउट होता. मी पाहिलं होतं. मला माफ कर.