ताईला पाठ असलेली वंशावळ

सात पिढ्यांची वंशावळ मी एकट्याने केली, असं मी चारचौघांत छाती फुगवून सांगत होतो. साफ खोटं. मी फक्त रेघा मारल्या. जन्मभर घरांचे नकाशे काढले, रेघा मारायला माझं काय जातंय? नावं सगळी ताईने दिली.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. ताईने शाळा सोडली आणि कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करायला लागली. माझं शिक्षण त्या काजांवर झालं. कोणी लग्नाचं काढलं की म्हणायची, "आधी याला स्वतःचं नाक पुसता येऊ दे." मला ते यायला फारच वेळ लागला.

गेलं वर्षभर रोज संध्याकाळी मी वही घेऊन तिच्या खोलीवर जायचो. कोण दत्तक गेला, कोणाच्या दोन बायका, तिला सगळं तोंडपाठ. "अरे गाढवा, तो थोरल्याचा नव्हे, मधल्याचा!" म्हणत माझ्या हातातली पेन्सिल ओढायची.

रविवारी वंशावळ फ्रेम करून भिंतीवर लावली, नातेवाईक बोलावले. ताई सगळ्यांच्या आधी आली. चष्मा पुसला आणि काचेवर बोट ठेवून एकेक नाव वाचत खाली आली. वडिलांच्या नावाखाली दोनच नावं होती: माझं, आणि अकरा दिवसांत गेलेल्या आमच्या धाकट्या भावाचं.

"बाळालाही घेतलंस? बरं केलंस रे," ती म्हणाली. बोट मात्र तिथेच राहिलं.

"बाबा, आत्या कुठे आहेत यात?" सुनेने विचारलं.

"मुली नवऱ्याच्या वंशावळीत येतात," मी म्हणालो.

"पण आत्यांचं लग्नच कुठे झालंय?"

चुलतभाऊ फिसकन हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुद्दाम वगळलं असतं तर निदान भांडलो तरी असतो. मला ती आठवलीच नव्हती. वर्षभर समोर बसून नावं सांगत होती, तरी!

"अगं, जागा पुरली नसेल त्याला," ताईच म्हणाली. "केवढी माणसं, आणि कागद तो केवढासा!"

माझ्यासाठी खोटं बोलायची वेळही तिच्यावरच यावी. माझ्या नावाशेजारी वीतभर कागद कोरा होता. "जागा होती, ताई," एवढं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.