आईची करंगळी

बोळिंजला मी कॉम्प्युटर क्लास घेते. दिवसाला चार बॅचना तेच सांगून घसा बसतो. टचस्क्रीनला जोर लागत नाही. काचेखाली बारीकशी वीज खेळवलेली असते. बोट टेकलं की त्यातली थोडी बोटाकडे ओढली जाते आणि बोट कुठे आहे ते फोनला कळतं.

असाच घसा बसवून एका संध्याकाळी गिरीजला माहेरी गेले, तर आई नव्या फोनवर अंगठा रेटत बसलेली.

"अगं, दाबू नकोस! किती वेळा सांगायचं?" मी खेकसले.

"दाबल्याशिवाय तो ऐकत नाय," म्हणत तिनं हात पुढे केला.

केळीच्या वाडीत कोयता चालवून तिची बोटं करवंटीसारखी झाली होती. त्या कोरड्या, जाड कातडीतून स्क्रीनला काही जाणवतच नव्हतं. मी तिचं एकेक बोट काचेवर टेकवत गेले. शेवटी डाव्या करंगळीनं फोन उघडला.

आता ती मला करंगळीनंच फोन लावते. वर्गात मी अजून सांगते, स्क्रीन माणसाचं बोट ओळखते. उरलेल्या नऊ बोटांचं कुणी विचारत नाही, आणि मीही सांगत नाही.