कावळे मला ओळखतात

व्हिडिओ कॉलवर माझ्या आत्याइतकं लक्ष देऊन बसणारं माणूस उभ्या पालघर जिल्ह्यात झालं नसेल. फक्त ते लक्ष माझ्यावर कधीच नसायचं. शिरगावच्या किनाऱ्यावर तिचे बोंबील वाळत असायचे आणि तिचे डोळे तिथे. मी बोईसरहून गंभीरपणे सांगू लागावं, "आत्या, डॉक्टर म्हणाले, माझं बीपी..." आणि तिने ओरडावं, "हाड, मेल्या!" सुरुवातीला मला वाटायचं, हे मलाच. "तुला नाय रे, कावल्याला. तू बोल, आयकते मी."

पुढे तर पडद्यावर आत्या दिसेनाशीच झाली. दिसायचे नुसते बोंबील, तोंडात तोंड अडकवून बांबूवर लटकलेले. "आत्या, कुठे आहेस?" "घरात हाय. चाय पिते." माझा चेहरा दिसला, आवाज आला, की कावळे फिरकत नाहीत हे तिने हेरलं होतं. फोन समोरच्या खांबाला बांधून ती खुशाल आत निघून जायची. "तुजं थोबाड लय गुणाचं हाय," ती कौतुकाने म्हणाली. "फकस्त गप बसू नको. गप बसलास का येतात मेले."

मी ग्रंथपाल. गप्प बसणं आणि बसवणं हाच माझा व्यवसाय. पण आई गेल्यावर मला याच बाईने वाढवलं होतं. रोज सकाळी गच्चीवर जाऊन मी बोलायचो, आणि घरचं बोलणं संपलं की विश्वकोश मोठ्याने वाचायचो. ज्वालामुखींवरची एक नोंद त्या बोंबलांनी पूर्ण ऐकली. आत्या ऐकत नाही याची मला खात्री होती. मग एकदा आतून आवाज आला, "तो डोंगर पेटलेला, त्याच्याखालची मानसं वाचली का रे?" तेवढं नोंदीत नव्हतं. "शोधून सांगतो," मी म्हणालो. ते राहूनच गेलं.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. दहाव्याला पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. सगळे सुरूच्या झाडांवर बसून होते, खाली एकही उतरेना. आत्याचा जीव कशात अडकलाय, कुणाला कळेना. आतेबहिणीने वचनं देऊन पाहिली. सुकवणं चालू ठेवीन, घर विकणार नाय. ऊन चढलं. मग तिने एकदम माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तू जा हितून! ते तुला वलखतात!"

मी सुरूंपलीकडे जाऊन बसलो. तिने आत्याचाच फोन वाळूत रोवून मला कॉल लावला. "हितूनच बघ. पन कॅमेऱ्यावर अंगठा ठेव, आनि चकार शब्द काढू नको."

पडद्यावर पिंड होता. एक कावळा उतरला, मान तिरकी करून त्याने फोनकडे पाहिलं. त्या कॉलवर मी पहिल्यांदाच गप्प होतो. त्याने चोच मारली. मागून कुणीतरी ओरडलं, "शिवला!"

अंगठा तसाच दाबून धरून मी हळूच म्हणालो, "माणसं वाचली, आत्या."

कावळा उडाला नाही.