एका घरात दोन अहो

तात्यांनी तुम्हाला 'अहो' म्हटलं, की समजायचं आपलं काहीतरी चुकलंय. 'आपण' म्हटलं तर बरंच चुकलंय. आणि प्रकरण 'श्रीमान'पर्यंत गेलं, तर पुढचे काही दिवस लांबच्या रस्त्याने घर गाठलेलं बरं. ज्यांच्यावर त्यांचा जीव होता त्यांना ते 'अरे' नाहीतर 'अगं' म्हणत. बाकी साऱ्या जगाला ते आदराने वागवत, आणि त्या आदराला पात्र ठरायला जग पंचवटीतल्या आमच्या गल्लीत रोज सकाळपासून हजर असे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो, तेव्हा मला हे व्याकरण ठाऊक नव्हतं. सामानाचा टेम्पो फाटकातच आडवा उभा होता आणि ड्रायव्हर चहाला गेला होता. ओट्यावरून एक उंच, शिडशिडीत गृहस्थ उठले, आमच्या ह्यांच्यासमोर येऊन त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "अहो, आपण आलात, गल्ली धन्य झाली. आता आम्ही घरात कुठून शिरायचं तेवढं सांगता का? खिडकीतून मला जमेल, पण आमच्या मंडळींचे गुडघे दुखतात." आमचे हे भलतेच खूश झाले. "शेजार सुसंस्कृत मिळाला हो," असं त्यांनी मला ऐकवलं. त्या सुसंस्कृतपणाचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरायला दिवाळी उजाडली.

तात्यांची सगळी नोकरी बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत गेली. डोक्यावर हातभर अक्षरांत वेळापत्रक लावलेलं, आणि त्याच्या बरोबर खाली उभं राहून माणूस विचारणार, "ओ भाऊ, पेठची गाडी कव्हा हाय?" शेतावरून आलेल्या, अक्षर न वाचता येणाऱ्या माणसाला तात्या दहादा सांगत, शिवाय फलाटाकडे बोट दाखवत. त्यांचा आदर राखून ठेवलेला असे तो सुटाबुटातल्यांसाठी. "अहो, तो फलक आपल्यासाठी नाही, मला करमावं म्हणून लावलाय," असं ते शांतपणे म्हणत. एकदा लासलगावचा कोणी बडा व्यापारी चिडून तक्रार लिहायला बसला. 'खिडकीतील इसमाने मला अहो म्हटले, बसा म्हटले, आणि आपल्यासारखी माणसं फार दुर्मिळ, असे म्हटले' एवढं लिहून झाल्यावर पुढे काय लिहावं ते त्याला सुचेना. कागद खिशात घालून तो गाडीत बसला. हे शस्त्र आपल्याला त्या दिवशी सापडलं, असं तात्या सांगायचे.

मला 'अगं'ची बढती मिळाली ती पाण्यावरून. समोरच्या बंगल्यातले एक इंजिनीअर उन्हाळ्याच्या ऐन टंचाईत पिण्याच्या पाण्याचा पाइप लावून स्कूटर धूत होते, धूत होते म्हणजे अभ्यंगस्नान घालत होते. आम्ही वर दोन हंड्यांत दिवस काढत होतो. मी गॅलरीतून ओरडले, "भाऊ, उटणं पाठवू का?" खालून टाळी वाजली. संध्याकाळी तात्या जिन्यात भेटले आणि म्हणाले, "अगं शैला, वाटलं नव्हतं तू आमच्यातली निघशील." मला पदवीच्या वेळीसुद्धा इतका आनंद झाला नव्हता.

त्यांना काय काय सहन होत नसे याला धरबंध नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यातलं काहीच सहन होत नसे. बेलवर बोट ठेवून ते तिथेच विसरणारे. दुपारी दोनला "झोपला होतात का?" असं झोपमोड करून विचारणारे. रिक्षातून मान बाहेर काढून पिचकारी मारणारे. अशा एका रिक्षावाल्या तरुणाला तात्यांनी हात दाखवून थांबवलं आणि म्हणाले, "श्रीमान, आपली जरा गैरसोय झालेली दिसते. रस्ता अपुरा पडत असेल तर आत या, भिंती नुकत्याच पांढऱ्या केल्यात." तो बिचारा म्हणाला, "काय तात्या, लय बोलता राव," आणि खाली उतरून त्याने चक्क बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं. पुढे मोबाइल आले तसे मिस्ड कॉलवाले आले. तात्या त्यांना उलट फोन लावून अदबीने विचारत, "आपण आठवण काढलीत, पण मधेच विसरलात का?"

राजकारणावर ते रोज बोलत, पेपर वाचून झाला की ओट्यावरूनच. सिंहस्थाच्या वर्षी आमच्या गल्लीपर्यंत डांबर आलं तेव्हा म्हणाले, "गोदावरी आणि रस्ता, दोन्ही बारा वर्षांनी एकदमच पवित्र होतात." निवडणुकीत हात जोडून येणाऱ्यांसाठी ते मुद्दाम स्वच्छ सदरा घालून बसत. एका उमेदवाराने पाच वर्षांत तीन पक्ष पाहिले होते. त्याच्या गळ्यातल्या उपरण्याचं टोक दोन बोटांत धरून तात्यांनी विचारलं, "कापड तेच आहे का हो? की धुण्यात रंग जातो?" तो मोठ्याने हसला, कारण हसण्यावाचून त्याला काही करता येण्यासारखं नव्हतं.

आणि अशा माणसाचा एकुलता एक मुलगा पुढारी व्हायला निघाला.

संजू तसा गोड मुलगा. मंडळाच्या वर्गणीपासून सुरुवात झाली, मग कोणातरी भाऊंच्या मागे मोटारसायकल, मग कपाळाला गंध आणि मनगटात जाड कडं. दोन हजार सालच्या आसपास गावात फ्लेक्सचं पीक आलं तेव्हा भाऊंच्या वाढदिवसाचा एक फ्लेक्स आमच्या गल्लीच्या तोंडावर लागला. तो असा बांधला होता, की गल्लीच्या नावाची पाटीच झाकली गेली आणि सिलिंडरवाला दोन दिवस शेजारच्या गल्लीत बोंबलत फिरला. वर भाऊ हत्तीएवढे, आणि सगळ्यात खालच्या ओळीत, कानाला मोबाइल लावून, तिकिटाएवढा संजू. तात्या चष्मा लावून बराच वेळ त्याखाली उभे राहिले. संजू आला तसे म्हणाले, "अहो, हे आपणच का? फोन कोणाला लावलाय? गल्ली झाकल्याचं कळवायला असेल."

मी गॅलरीत होते. संजूचा चेहरा मी पाहिला. गल्लीतल्या कोणालाही 'अहो' म्हटलेलं त्याने लहानपणापासून हसत ऐकलं होतं, पण ते त्याच्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. त्या दिवसापासून घरातसुद्धा तेच सुरू झालं. "अहो संजयराव, चहा घेता का?" "आपण आज दौऱ्यावर का घरी?"

यात कोंडी झाली ती माईंची. माई म्हणजे तात्यांची बायको, गुडघे दुखणाऱ्या त्याच. त्या तात्यांना 'अहो'च म्हणायच्या, जसं आपण सगळ्याच जणी म्हणतो. आणि त्यांच्या 'अहो'त काय नसायचं? ताट वाढलंय, औषध घ्या, पाऊस आला दोरीवरचे कपडे काढा, आता पुरे करा ते बोलणं, सगळं त्या एका हाकेत यायचं. आता त्यांनी स्वयंपाकघरातून "अहो, या" अशी हाक मारली की दोघेही उठत आणि दारात एकमेकांवर आदळत. तात्या बाजूला होऊन म्हणत, "साहेब आधी." माई पळी आपटून म्हणायच्या, "एका घरात किती अहो सांभाळू मी?" गल्लीत हा मोठा विनोद झाला. आम्ही सगळे हसायचो.

माई हसायच्या नाहीत. एकदा शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता मला म्हणाल्या, "शैला, माझं दुसरं काही मागणं नाही बघ. ह्यांनी एकदा त्याला 'अरे' म्हणावं. पोटच्या पोराला असं परक्यागत बोलवतात, मला घास गिळवत नाही." मी तात्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "त्याने तो कानाचा फोन खाली ठेवावा, मी लगेच म्हणतो." मला वाटलं, ठेवील आज ना उद्या. बापलेकाची जिद्द एकाच मापाची असते हे मी विसरले होते.

पुढच्या महापालिकेच्या निवडणुकीत संजूला तिकीट मिळालं. प्रचाराच्या फेरीत तो घरोघरी जाताना स्वतःच्या घरीही आला, कारण मागे पंचवीस कार्यकर्ते आणि एक फोटोवाला होता. तात्या स्वच्छ सदरा घालून तयारच. "या, या. आपलं काय काम काढलंत?" संजू वाकून पाया पडला. "तात्या, आशीर्वाद द्या."

"आशीर्वाद वेगळा, मत वेगळं. आपल्याला नक्की काय हवंय ते सांगा."

संजू तसाच वाकलेला. हलक्या आवाजात म्हणाला, "'अरे' म्हणा एकदा. मत नका देऊ हवं तर."

दारात माई होत्या, त्यांच्यामागे मी. माईंनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तात्यांचे ओठ हलल्यासारखे मला वाटले. तेवढ्यात मागून कोणी घोषणा दिली, फोटोवाला पुढे घुसला, आणि तात्या मोठ्याने म्हणाले, "छे, छे, कार्यकर्त्यांसमोर कसं म्हणायचं? आपला मान जाईल!" सगळे खो खो हसले. संजूही हसला, फोटोपुरता. मला आयुष्यात पहिल्यांदा तात्यांचा राग आला, आणि तो मी त्यांना दाखवलाही. चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तेही मला 'अहो शैलाताई' म्हणाले नाहीत, म्हणजे आतून त्यांनाही लागलं असावं.

संजू निवडून आला. मतदानाच्या दिवशी तात्या सकाळी केंद्र उघडायच्या आधीच रांगेत उभे होते, आणि मत कोणाला दिलं विचारल्यावर म्हणाले, "गुप्त असतं. नगरसेवकांनासुद्धा विचारता येत नाही." संजूने गंगापूर रोडला घर केलं. आईवडिलांना चला म्हणाला. माई निघाल्या असत्या, पण तात्यांनी "साहेबांच्या बंगल्यावर आमचं काय काम?" म्हटलं आणि माईंनी बांधलेली पिशवी पुन्हा सोडली.

दोन-तीन वर्षं अशी गेली, आणि एका हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन माई अंथरुणाला खिळल्या. संजूने चांगल्या दवाखान्यात ठेवलं, तो दिवसभर तिथेच बसून असे. शेवटच्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले होते. डॉक्टर बाहेर येऊन काही बोलले. तात्यांनी ते ऐकलं, भिंतीला हात टेकला, आणि पलीकडे उभ्या असलेल्या मुलाकडे वळून म्हणाले, "अरे संजू, गेली रे ती." माईंनी ज्याची वाट पाहिली तो शब्द दाराच्या अलीकडे उच्चारला गेला, आणि त्या दाराच्या पलीकडे होत्या.

त्यानंतर तात्यांनी कोणालाच 'अहो' म्हटलं नाही. सुरुवातीला वाटलं, सुतकाचे दिवस आहेत. पण महिने गेले. कोपऱ्यावर पिचकाऱ्या उडायला लागल्या, फाटकासमोर कोणीही गाड्या लावायला लागलं, नव्या निवडणुकीचे नवे चेहरे खांबाखांबावर चढले. तात्या ओट्यावर बसून सगळं पाहत आणि फार तर "अरे, जरा सांभाळून" म्हणत. मला ते ऐकवेना. मी एकदा म्हटलं, "तात्या, फाटकासमोर गाडी लावणाऱ्या त्या पोराला सुनवा ना एकदा तुमच्या पद्धतीने. गल्लीचा उकिरडा झालाय."

"गेलो होतो गं परवा," ते म्हणाले. "फाटकात उभा राहून चांगलं जोरात 'अहो' म्हटलं. आणि तोंडातून निघता निघता मीच 'ओ' दिली. वळून बघतो तर घरात कोणी नाही." मग म्हणाले, "तो शब्द माझा नव्हताच. तिचा होता. मी आपला सगळीकडे उधळत फिरलो."

पुढच्या खेपेला भाऊंनी संजूचं तिकीट कापलं. मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. वडिलांशेजारी ओट्यावर बसायचा, दोघांसाठी खिचडी टाकायचा. तात्या त्याला 'अरे, बस', 'अरे, मीठ बघ' म्हणायचे. ज्यासाठी तो इतकी वर्षं झुरला होता ते त्याला आता उठता-बसता मिळत होतं. मला वाटलं, चला, उशिरा का होईना.

एका संध्याकाळी खाली हॉर्नचा असा काही गजर सुरू झाला, की मी पदर खोचून गॅलरीत धावले. फाटकात आडवी, कोणाला चालत जायलाही वाट राहणार नाही अशी एक मोठी पांढरी गाडी उभी, आणि आतला इसम हॉर्नवरून हात काढेना. मी तोंड उघडणार तोच दिसलं, की तो संजू आहे. तो ओट्याकडे टक लावून बघत होता. दार उघडलं, तात्या बाहेर आले. गाडी पाहिली, फाटक पाहिलं.

"अरे, आलास?" ते म्हणाले. "राहू दे तिथेच. ये, हातपाय धू."

हॉर्न थांबला. मी खाली उतरून गेले तेव्हा तात्या आत गेले होते आणि संजू अजून गाडीतच होता. मी झापायच्याच तयारीत होते. "काय रे हा तमाशा?"

"काकू," तो म्हणाला, "एवढी आडवी लावली, एवढा वाजवला, तरी 'अहो' म्हणाले नाहीत." त्याने डोळे पुसले, गाडी मागे घेतली आणि नीट भिंतीला लावली.